माती, तार आणि सांधा

जून महिन्यात आठवीचा नवा वर्ग हाती आला की मी मुलांना घरातून तीन वस्तू आणायला सांगते: एक ताठ, एक मऊ आणि एक वाकणारी. आमची शाळा रायगडच्या किनारपट्टीवर. त्यामुळे करवंट्या, सुंभ, जाळ्याचे तुकडे, मोडक्या छत्र्यांच्या काड्या, खुबे, शिंपले, गोणपाट, पुठ्ठे असं काय काय येतं. शाडू आणि बाइंडिंगची तार शाळा देते. या सगळ्यातून कशालाही न टेकता उभी राहील अशी एक आकृती वर्षअखेरीपर्यंत करायची, एवढंच काम. दर वर्षी कोणी ना कोणी पालक येऊन विचारतात, "बाई, हा चित्रकलेचा तास की कार्यानुभवाचा?" प्रश्न रास्त आहे. चित्रकला आणि हातकाम, मूर्ती आणि वस्तू, माती आणि तार यांच्यामध्ये आपल्या शिक्षणानं भिंत घातली, तिला मोठा इतिहास आहे. ती भिंत पाडणाऱ्यांचाही इतिहास आहे. तो पालकांपर्यंत पोचावा, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात शिल्पाचा रीतसर वर्ग सुरू झाला तो मुंबईत. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. त्याआधी मूर्ती घडवायला शिकायचं ते घरात नाहीतर कारखान्यात, वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली. पाथरवटाचा मुलगा दगड शिकायचा, कुंभाराचा माती, तांबटाचा पत्रा, सुताराचा लाकूड. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग या शाळेत शिल्प शिकवायला आले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांचा मुलगा रुडयार्ड मुंबईतच जन्मला. किपलिंगांकडे शिल्प, ग्रिफिथ्सकडे चित्र आणि सजावट, हिगिन्सकडे लोखंडी काम, अशा वेगवेगळ्या शिक्षकांच्या कार्यशाळा लागल्या.

मुंबईत तेव्हा तटबंदी पाडून मोठमोठ्या सार्वजनिक इमारती बांधायला घेतल्या होत्या आणि या कार्यशाळांना तिथे काम मिळालं. क्रॉफर्ड मार्केटच्या कमानींवर शेतकऱ्यांची उठावशिल्पं आहेत, ती किपलिंगांची. पुढे १८७८ ते १८८८ या काळात व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं गेलं. तिथल्या पानाफुलांच्या, पशुपक्ष्यांच्या कोरीवकामावर जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे हात फिरलेले आहेत. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाला आपण एका वर्गाचा गृहपाठ ओलांडून जातोय याची कल्पनाही नसते. त्या मुलांची नावं बहुतेक कोणाला ठाऊक नाहीत, पण त्यांचं काम पाऊस खात अजून उभं आहे.

वर्गातली शिकवण मात्र ठरीव होती. युरोपातून ग्रीक आणि रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आणलेल्या असत. त्यांच्यावरून आधी रेखाटन, मग समोर मॉडेल बसवून मातीत काम. मुखवटा, अर्धपुतळा, पूर्णाकृती अशी चढण. मी ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षक पदविका मुंबईला केली. तेव्हा जे. जे.च्या शिल्पविभागात ओळखीच्या मुलांबरोबर जाऊन बसत असे. शंभर वर्षांत पद्धत फारशी बदलली नव्हती, आणि ती नीट पाहिल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं कळायचं नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

फिरत्या पाटावर आधी लोखंडी सळईचा सांगाडा उभा करतात. त्याला आर्मेचर म्हणतात. ओली माती जड असते, आपल्याच वजनानं ती खाली घसरते. म्हणून सळईला तारेनं बांधून लाकडाच्या छोट्या फुल्या लोंबत ठेवतात. मुलं त्यांना 'बटरफ्लाय' म्हणतात. खांदा, छाती, डोकं जिथे जिथे मातीचा भार यायचा तिथे तिथे फुल्या. त्यांच्यावर माती चढवायची आणि काम संपेपर्यंत ओल्या फडक्यांनी ती ओली राखायची. मूर्ती पुरी झाली की तिच्यावर प्लास्टरचा पहिला पातळ थर, आणि त्या थराच्या पाण्यात मुद्दाम थोडी नीळ. त्यावर जाड पांढरा थर. आतली माती काढून टाकायची, साचा धुऊन साबणाचं पाणी फिरवायचं, आत प्लास्टर भरायचं आणि ते मजबूत राहावं म्हणून त्यात काथ्या घालायचा. मग बोथट छिन्नीनं बाहेरचा साचा फोडत जायचं. पांढरं संपून निळं दिसलं की हात हलका करायचा, कारण निळ्याच्या खाली मूर्ती. साचा यात पुरता जातो, म्हणून त्याचं नावच वेस्ट मोल्ड.

आता हिशेब करा. लोखंड, लाकूड, तार, माती, गोणपाटाचं फडकं, नीळ, साबण, प्लास्टर, काथ्या. एक पांढरीशुभ्र मूर्ती घडवायला इतक्या वस्तू लागल्या, त्यांतल्या काही तर तिच्या पोटात राहिल्या, आणि पाहणाऱ्याला मात्र एकच माध्यम दिसलं. मिश्र माध्यम आपल्या शिल्पवर्गात पहिल्या दिवसापासून होतं, पण ते लपवलेलं होतं. माझ्या मते या वर्गाच्या पुढच्या इतिहासाचं सार एवढंच आहे की जे पोटात होतं ते हळूहळू बाहेर आलं.

जुन्या पद्धतीला मी कमी लेखत नाही. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' केली तेव्हा ते जे. जे.त शिकत होते. नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली तरुणी, पुरुषभर उंचीची, प्लास्टरमध्ये. अंगाला लपेटलेल्या कापडाची वळणं, चालताना शरीराला आलेला हलका झोल, सगळं एका विद्यार्थ्याच्या हातचं. परदेशी प्रतिकृती गिरवून गिरवून हात तयार झाला आणि त्या हातानं आपल्या आळीतली बाई घडवली. एका मुलाची प्रगती म्हणजे काय, याचं मराठी मुलखातलं हे सगळ्यांत मोठं उदाहरण.

पण याच काळात ती भिंतही पक्की झाली. १८९१ च्या सुमारास जे. जे.च्या आवारात लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाल्या. लाकडावरचं कोरीवकाम, धातुकाम, गालिचे असे कसब शिकवणारे वर्ग तिथे. हेतू चांगला होता, देशी कारागिरी टिकावी असा. तरी परिणाम असा झाला की एका दारातून कलावंत आत जाऊ लागला आणि दुसऱ्या दारातून कारागीर. मातीला हात लावणारा लाकडाकडे जाईना, आणि लाकूड कोरणाऱ्याला मानवाकृती शिकायला मिळेना.

घरोघरी मात्र हा भेद कोणी मानत नव्हतं. भाद्रपदात आमच्या भागात गौर बसते ती पाहा. तेरड्याची रोपं जुडी करून बांधायची, वर मुखवटा, अंगाला साडी, गळ्यात दागिने, केसांत वेणी. झाड, माती किंवा धातू, कापड, सोनं आणि फूल यांची ही उभी आकृती बायका एका संध्याकाळात करतात. कुठे काय बांधायचं आणि साडीचा भार कशावर टाकायचा, हे त्यांना कोणत्याही आर्ट स्कूलनं शिकवलेलं नाही. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात भिजवलेली पोती, उतारावर अळीव पेरून उगवलेलं हिरवं रान, वर मातीचे मावळे आणि शिवाजी महाराज. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांचं पहिलं मिश्र माध्यमातलं शिल्प हेच असतं. शाळेच्या गुणपत्रिकेत त्याला कधी जागा मिळाली नाही.

युरोपात लपलेलं बाहेर काढायची सुरुवात एका मुलीच्या पुतळ्यानं झाली. १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एदगार देगानं चौदा वर्षांच्या नर्तकीची मेणाची मूर्ती ठेवली. तिच्या अंगात खरी चोळी, खरा झालरीचा घागरा, केसांना खरी फीत. समीक्षक बिथरले. ही मूर्ती आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. क्ष-किरणांनी तिची तपासणी झाली तेव्हा आतल्या सांगाड्यात तार, लाकूड, दोर सापडले आणि हातांत चक्क रंगकामाचे ब्रश. घरात जे हाताला लागलं ते देगानं वापरलं होतं. १९१२ मध्ये पिकासोनं पुठ्ठा, दोरी आणि तार यांची गिटार केली आणि त्यात आत-बाहेर हा फरकच ठेवला नाही.

हे सगळं वर्गात आणलं ते जर्मनीतल्या बाउहाउसनं. १९१९ मध्ये वायमारला ही शाळा निघाली आणि योहानेस इटेन यांनी नव्या विद्यार्थ्यांसाठी एक पायाभूत वर्ग चालवला. काच, लाकूड, पिसं, तारा, भंगार गोळा करायचं, डोळे मिटून हातानं चाचपायचं, त्यांचा विरोध आणि मेळ पाहायचा. १९२३ मध्ये ते गेल्यावर मोहोली-नॉज आणि योझेफ आल्बर्स यांनी तो वर्ग पुढे नेला. मोहोली-नॉज तोलावर भर देत: धातू, काच, लाकूड जोडा आणि ते पडता कामा नये. आल्बर्स वर्तमानपत्रं वाटत आणि कागदाचं मूळचं रूप ओळखून त्याचं काही करा म्हणत. कमीत कमी कापाकाप, तुकडा वाया जायला नको. १९३३ मध्ये नाझी राजवटीत ही शाळा बंद पडली आणि तिचे शिक्षक जगभर पांगले. आपल्या कला महाविद्यालयांत फाउंडेशनच्या वर्षाला 'थ्री-डी डिझाइन' हा विषय असतो. त्याचं मूळ या वर्गात आहे.

आपल्याकडे मात्र पहिलं मोठं पाऊल कमी पैशामुळे पडलं. शांतिनिकेतनच्या कलाभवनात रामकिंकर बैज यांच्याजवळ संगमरवराला किंवा ब्राँझला पैसे नव्हते. १९३८ मध्ये त्यांनी उघड्यावर 'संथाळ कुटुंब' उभं केलं, सिमेंटमध्ये जांभ्या खडीचा कालवा करून, लोखंडी सांगाड्यावर थापून. पृष्ठभाग खरखरीत आहे, खडी दिसते, आणि त्या मातीत चालणाऱ्या माणसांना ते शोभतं. आमच्या जवळचं उदाहरण सासवन्याचं. विनायक पांडुरंग करमरकर या अलिबागजवळच्या खेड्यातले. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेला शिवाजी कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिला आणि या मुलाला जे. जे.त धाडलं. १९२८ मधला पुण्याचा अश्वारूढ शिवाजी ब्राँझचा, पण सासवन्याच्या घरी त्यांनी सिमेंटमध्ये म्हशीपासून कोळणीपर्यंत कितीतरी शिल्पं केली. त्या घराचं आता संग्रहालय आहे.

मी मुलांना तिथे नेते तेव्हा सिमेंटच्या आतल्या लोखंडाबद्दल सांगते. उष्णतेनं लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात फुगतात, म्हणून त्यांचं जमतं. पण खाऱ्या हवेत बारीक भेगेतून ओल शिरली की आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि बाहेरचं सिमेंट फुटतं. दोन वस्तू एकत्र आणायच्या तर दोघींचा स्वभाव ठाऊक हवा, हा धडा किनाऱ्यावरच्या मुलांना लगेच पटतो. घराच्या स्लॅबची गंजलेली सळई त्यांनी पाहिलेली असते.

शांतिनिकेतनची ही वाट आपल्या बाजूला आली ती बडोद्यातून. सयाजीराव गायकवाडांच्या नावानं १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, पाठोपाठ तिथे ललितकला विभाग निघाला. शिल्पविभाग उभा केला शंखो चौधुरी यांनी, आणि ते रामकिंकरांचे विद्यार्थी. चित्रविभागात मराठी ना. श्री. बेंद्रे होते. इथे पहिल्यांदा कलावंत आणि कारागीर यांचं दार एकच झालं. १९६१ पासून तिथे फाइन आर्ट्स फेअर भरू लागली. विद्यार्थी आणि शिक्षक शेजारी बसून लाकूड, चामडं, मणी, कापड, माती यांची खेळणी करत आणि विकत. त्याच विभागात शिकलेल्या राघव कनेरियांनी भंगारातलं लोखंड वेल्डिंगनं जोडून शिल्पं केली.

मुंबईतही काही वेगळं घडत होतं. न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीवर भव्य उठावशिल्पं करणारे ना. ग. पानसरे जुन्या शिस्तीत तयार झालेले. त्यांच्याकडे शिकलेल्या पिलू पोचखानवाला आणि आदी दाविअरवाला यांनी नेमकी दुसरी वाट धरली. पिलूबाईंनी भंगारातला धातू जोडला. दाविअरवाला व्यवसायानं औषधशास्त्रातले. त्यांनी लाकूड, दगड आणि पोलाद एकाच शिल्पात शेजारी आणले आणि सांधे उघडे ठेवले. गुरूनं दिलेली पक्की बैठक होती, म्हणून शिष्यांना ती सोडता आली, असं मला वाटतं.

शाळेत हे का पोचलं नाही? वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली. हातातल्या कामातून शिक्षण, हा तिचा पाया. कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला आणि तो वेळापत्रकात आला. पण चित्रकला वेगळ्या तासाला राहिली, आणि चित्रकलेची परीक्षा राहिली कागदावर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांच्या हातात पेन्सिल आणि रंग दिले, त्यांचं ऋण मोठं आहे. तरी त्यात काहीही उभं करावं लागत नाही. ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

म्हणून मी वर्षभराचं हे काम देते, आणि त्यातली मुलांची वाटचाल बहुतेक एकाच क्रमानं होते. पावसाळाभर ती चिकटवतात. करवंटीवर शिंपले, पुठ्ठ्यावर मणी, जिथे जागा दिसेल तिथे फेव्हिकॉल. वस्तू वेगवेगळ्या असतात पण कुठलीच काही काम करत नाही, सगळ्या शोभेला. गणपतीनंतर पडापडीचे दिवस येतात. आकृती उंच होऊ लागते आणि कलंडते. इथे काही मुलं खट्टू होतात. दिवाळीनंतर मात्र कोणीतरी विचारतं, "बाई, ही तार वाकतेय, हिच्याऐवजी छत्रीची काडी लावू?" हा प्रश्न आला की मी मनात त्या मुलाला पास करते. त्यानं वस्तू दिसण्यासाठी निवडली नाही, तिच्या गुणासाठी निवडली.

गेल्या वर्षी एका मच्छीमार घरातल्या मुलानं बगळा करायला घेतला. अंग नारळाच्या सोडणाचं, पंखांना जुन्या जाळ्याचे थर, मान सुंभाच्या आत तार घालून वळवलेली, पाय छत्रीच्या काड्यांचे. पाय रोवायला शाडूचा गोळा. चार दिवसांनी गोळा वाळला आणि दोन्ही पायांभोवती चिरा गेल्या. त्यानं ओली माती भरून लिंपलं, वाळल्यावर पुन्हा चिरा. मी त्याला कारण सांगितलं नाही. चिरलेला गोळा हातात दिला आणि सांगितलं, आधी मोज. ओल्या मातीचा एक तुकडा, त्यावर दोन खुणा, त्यांतलं अंतर वहीत, आणि वाळल्यावर पुन्हा अंतर. माती आक्रसली होती, काडी जशीच्या तशी होती. शाडू जवळ येऊ पाहतो आणि पोलाद त्याला येऊ देत नाही, म्हणून तो फाटतो. पोरानं दोन दिवस विचार केला. मग बांबूच्या बारीक नळ्यांवर कागद गुंडाळून त्या ओल्या शाडूत रोवल्या, रोज थोड्या फिरवून सैल ठेवल्या, माती पुरती वाळल्यावर काढून घेतल्या आणि त्या भोकांत पाय बसवून फटीत काथ्या ठासला. बगळा उभा राहिला, एका पायावर भार देऊन, मान मागे घेऊन.

बाहेरच्या पाहुण्यांनी प्रदर्शनात त्या बगळ्याच्या पंखांचं कौतुक केलं. मी ज्यांना दाखवता येईल त्यांना त्याचे पाय दाखवले. मिश्र माध्यमात विद्यार्थी कुठवर आला हे समोरून कळत नाही, सांध्यापाशी कळतं. जे. जे.च्या वर्गातल्या त्या लाकडी फुल्या, गौरीच्या साडीखालची जुडी, रामकिंकरांचा लोखंडी सांगाडा आणि या पोराच्या भोकातला काथ्या, ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत: वेगवेगळ्या स्वभावाच्या वस्तूंना एकमेकींना न फाडता एकत्र कसं ठेवायचं?

आता राहिलं ते कलाशिक्षकांना आणि पालकांना सांगायचं. दीडशे वर्षांच्या शिल्पवर्गाचा इतिहास लिहायला बसलं तर हाताला लागतात त्या इमारतींवर चढलेल्या मूर्ती, नाहीतर म्हात्र्यांसारखं एखादं गाजलेलं काम. बाकीच्या मुलांची माती परत मळली गेली, प्लास्टर जागेअभावी फोडलं गेलं. पहिलं ओबडधोबड काम आणि शेवटचं नेटकं काम शेजारी ठेवून पाहण्याची सोयच राहिली नाही, आणि प्रगती तर तिथेच दिसते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मुलाचं पहिलं कलंडलेलं काम टाकू नका. त्याच्या मागच्या बाजूचा, सांध्यांचा फोटो काढा, तारीख घाला, वहीत चिकटवा आणि चिरलेला गोळा कपाटात ठेवा. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेबरोबर तो गोळाही पालकांच्या हातात द्या.